तिरफळाच्या वासाखाली

तिरफळाचा वास नाकाच्या आधी जिभेच्या कडांना कळतो. हिरवं फळ दातांखाली फुटलं की संत्र्याच्या सालीसारखं काहीतरी उसळतं, मागून मिरीची धग येते, आणि मग ओठ, जीभ, हिरड्या हळूहळू आपल्या राहत नाहीत. एक मुकी झिणझिणी उरते. लहानपणी घरामागच्या परड्यातल्या झाडाखाली उभी राहून मी ती मुद्दाम ओढवून घेत असे आणि बधिर ओठांनी कविता म्हणत असे. शब्द तोंडातून निघताहेत हे कानांना कळायचं, ओठांना नाही. आपलाच एक अवयव आपल्याला कळू नये, यात तेव्हा मला फार गंमत वाटे.

झाड अजून तिथेच आहे. खोडावर शंकूसारखे जाड काटे, पावसात त्यांच्या मुळाशी हिरवट शेवाळ. श्रावणात फळांचे झुबके लागतात. आचऱ्याच्या अलीकडे, खाडीपासून थोडं आत असलेल्या आमच्या घरात त्या झाडाची फळं दोनच कामांना येत: बांगड्याच्या तिकल्यात, म्हणजे आमच्या तिखट कालवणात, आणि चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर बांधायच्या माटवीत, जिच्या लाकडी चौकटीला आम्ही रानातली फळं-पानं टांगतो. तिसरं काम माझ्यामुळे आलं.

मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. रानातल्या सुगंधी वनस्पतींची तेलं काढायची, ती कशाकशाची बनली आहेत ते पाहायचं, आणि जंतूंवर त्यांचा काय परिणाम होतो ते तपासायचं, असं एक काम मी हाती घेतलं होतं. निर्गुडी झाली, रानतुळस झाली. गेल्या पावसाळ्यात तिरफळाची पाळी आली आणि नेमकं प्रयोगशाळेचं छप्पर गळू लागलं. दुरुस्ती होईपर्यंत तेल काढायचं काचेचं यंत्र मी घरी आणलं आणि मागच्या पडवीत मांडलं. पोटाळ्या चंबूत पाणी आणि ठेचलेली तिरफळं, खाली शेगडी, वर थंड पाण्याची काचेची नळी. पाणी उकळू लागलं की वाफ फळांतलं तेल उचलून वर नेई. नळीत थंड होऊन दोघं खाली उतरत आणि तिथे वेगळी होत. पाण्यावर तेलाचा फिकट पिवळा, नखाएवढा थर तरंगे.

तेवढ्यासाठी दिवस जाई. वडील शाळेत मराठी शिकवत. वृत्तांचे गण त्यांनी मला बोटांच्या पेरांवर मोजायला शिकवले होते. रेणूही मला तसेच दिसत आले आहेत. पाच कर्बांचा एक गण. दोन गण जुळले की हलका, चटकन उडून जाणारा रेणू. तीन जुळले की जड, रेंगाळणारा, कपड्यांत राहणारा. वडील गेल्यावर घरात आई आणि मीच उरलो. आईला वृत्त आणि रेणू दोन्ही सारखेच.

"एवढी तिरफळां आणि तेल एवढाच?" ती पडवीच्या उंबऱ्यावर बसून विचारी. "ह्याच तिकल्यात घातला असता तर अख्खी वाडी जेवली असती."

"तिकल्यात घालून मला लेख कुठे लिहिता येतो?"

"लेख खावन पोट भरता काय गो?"

पण झुबके तीच आणून देई. आकडीने फांदी वाकवायची, फळं ओच्यात घ्यायची. पायांत चप्पल नसे. "परड्यात कसली चपला?" हे तिचं ठरलेलं उत्तर. तिला बरीच वर्षं साखरेचा आजार आहे. डॉक्टरांनी पायांना जपायला सांगितलं होतं, कारण तळव्यांची जाणीव कमी होत चालली होती. एकदा तापलेल्या चिऱ्यावर उभी राहून ती शेजारणीशी निवांत बोलत होती आणि पाय उचलल्यावर कातडी सोललेली निघाली. तेव्हापासून मी चपलांचा जोड मागच्या दाराशी ठेवत असे. तो तिथेच असे. पावसात त्याच्यावर बुरशी आली.

तेल जमू लागलं तशी घराची हवा बदलली. तिरफळाचा वास भिंतींत गेला, उशांत गेला, भातात गेला. पहिल्या दिवशी डोळ्यांतून पाणी आलं. नंतर तो जाणवेनासा झाला. नाकाचं असंच असतं: एकच गोष्ट सतत सांगितली की ते ऐकणं सोडून देतं. शेजारची ख्रिश्चन बाई शाळेतून निवृत्त झालेली आहे, गाव अजून तिला टीचर म्हणतो. ती फाटकातूनच ओरडली, "तुमच्या घरार तिरफळाचो ढग उतारलो काय गो? माझ्या केकाक वास लागलो!"

"मगे तो केक बांगड्याबरोबर खा," आई आतून म्हणाली.

तेलाचे काही थेंब मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या सहकारी बाईंकडे दिले होते. काचेच्या ताटलीत जंतूंची पातळ साय वाढवतात आणि मधोमध तेलात भिजवलेली कागदाची चकती ठेवतात. तेलाला जंतू मारता येत असतील तर चकतीभोवती एक स्वच्छ, रिकामं वर्तुळ उमटतं. त्वचेवर, गळवांत सापडणाऱ्या स्टॅफिलोकोकस जंतूंच्या ताटलीत असं वर्तुळ उमटलं. चंद्राभोवती खळं पडावं तसं, काठ अगदी रेखीव. आयुष्यभर ज्याला मी हुंगत आले होते तो वास मला प्रथमच डोळ्यांना दिसत होता. मोबाइलवर त्याचा फोटो काढून घरी आले आणि आईला दाखवला.

"ह्या पांढरा काय?"

"जंतू."

"आणि ही मोकळी जागा?"

"तिथले तेलाने मेले."

ती चष्मा पुसून पुन्हा बघत राहिली, बराच वेळ. मला वाटलं, माझं काम अखेर तिच्यापर्यंत पोहोचलं. दुसरीही ताटली होती, वेगळ्या जातीच्या, जास्त चिवट जंतूंची. त्यांच्या पेशीला बाहेरून आणखी एक आवरण असतं आणि तेल सहसा आत शिरत नाही. तिथे चकतीभोवती साय जशीच्या तशी होती. तिचा फोटो मी काढला नव्हता. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

त्यानंतर आई यंत्राच्या बाजूची झाली. "आज भांडा नाय लावलंस?" ती सकाळी उठताच विचारी. चतुर्थी जवळ आली, घर सारवायचं, माटवी बांधायची, करंज्या करायच्या, आणि मी म्हणे की आता यंत्र गुंडाळून ठेवते, माणसं येतील. "आसांदे," ती म्हणे. "वास बरो येता. लाव."

गणपतीच्या दिवसांत ती नेहमीसारखी पुढे आली नाही. भजनाला माणसं जमली तेव्हा ती माजघराच्या दाराआड, पाय लुगड्यात ओढून बसली. टीचर केक घेऊन आली आणि तिच्या जवळ बसायला गेली, तर आईने पाट लांब सरकवला. "थंय बस, हय वारो नाय." टीचरने माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या. मला वाटलं, वय. मला वाटलं, थकवा. पण काहीतरी टोचत होतं आणि काय ते कळत नव्हतं. त्या दिवसांत मी एका ठिकाणी बसू शकत नसे. आरती चालू असताना उठून पडवीत जाई, शेगडी विझली आहे ना पाही, परत येई, पुन्हा जाई. रात्री डोळा लागला की कुणीतरी हाक मारल्यासारखी जाग येई. एखादी ओळ सुचे आणि दुसऱ्या ओळीशी येऊन मोडे. या अस्वस्थतेचं कारण मी तेलात शोधत होते: परड्यातल्या झाडाचं तेल आणि धामापूरच्या तलावाकाठच्या झाडाचं तेल माझ्या नाकाला वेगळी लागत होती, आणि का, ते मला अजून सांगता येत नव्हतं.

विसर्जन झालं आणि मी कुप्या घेऊन घाट चढून विद्यापीठात गेले. तिथल्या यंत्रात केसाहून थोडी जाड, लांबच लांब नळी वेटोळं करून बसवलेली असते. तेलाचा कण तिच्यात शिरतो आणि त्याचे घटक एकेक करून बाहेर पडतात, हलके आधी, जड मागाहून. पडद्यावर प्रत्येकाचं एक शिखर उमटतं. पायनीन आलं, साबिनीन आलं, मिरीच्या धगीचं थोडं श्रेय त्याचं. लिमोनीन, संत्र्याची साल. आणि मग टर्पिनेन-४-ऑल, ज्याच्यावर जंतुनाशक म्हणून माझी सगळी भिस्त होती. परड्यातल्या झाडात ते शिखर जास्त उंच होतं. माझं नाक बरोबर होतं. आनंद व्हायला हवा होता. मी खिडकीशी गेले, परत आले, पुन्हा खिडकीशी गेले. घरी फोन लावला.

"बरी आसंय," आई म्हणाली. "तू ये सावकाश."

आईने आजवर मला सावकाश ये म्हटलेलं नव्हतं. उरलेल्या कुप्या तिथल्या संशोधक विद्यार्थिनींच्या हवाली केल्या आणि मिळाली ती पहिली गाडी धरली.

घराचं दार ढकललं तेव्हा संध्याकाळ होत होती. माझं नाक बरेच दिवस घाटावरच्या कोरड्या हवेत राहून आलं होतं, धुऊन वाळत घातल्यासारखं. आधी तिरफळाचा वास आला, भिंतीसारखा. मी उंबऱ्यातच थांबले. त्या वासाखाली दुसरा एक वास होता. गोडसर. देवघरात बंद राहिलेल्या निर्माल्यासारखा, कुंडीत सडलेल्या द्राक्षांसारखा. तो भिंतींत नव्हता. तो आईच्या खोलीतून येत होता.

"आये, पाय दाखव."

"इलंस? चाय टाकतंय थांब."

"पाय दाखव आधी."

"काय झाला पायाक? आत ये, हातपाय धू."

ती उठली नाही. मी खाली बसले आणि लुगड्याची निरी बाजूला केली. डाव्या पायाच्या अंगठ्याशेजारच्या बोटाला तिने जुन्या धोतराची पट्टी गुंडाळली होती. पट्टी पिवळी होती आणि तिला माझ्या तेलाचा वास येत होता, कुपी उघडल्यासारखा. ती सोडवली. बोट काळपट निळं होतं, भोवतीची कातडी भाजल्यासारखी पांढरी पडून सुटत होती. मी बोटाशेजारी स्पर्श केला. तिच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही.

"दुखतं?"

"दुखणा नाय. दुखला असता तर सांगला असता तुका."

"कधीपासून आहे हे?"

"श्रावणात काटो मोडलो आसतलो. तुझी तिरफळां काढताना. माका कळाकच नाय." ती भिंतीकडे बघून बोलत होती. "मगे वास येवक लागलो. चतुर्थीक माणसा येतली, भजनाक बसतली, माझ्या पायाचो वास येतलो. म्हणान तुझ्या बाटलेतला लायलंय."

"जखमेला तेल? नुसतं तेल?"

"बांगड्याची हिंवसाण तिरफळान जाता, ती पायाची जावची नाय?" आता तिने माझ्याकडे पाहिलं. "आणि तूच दाखवलंस मोबायलार. मरतत म्हणान."

हिंवसाण म्हणजे कच्च्या मासळीचा तो अंगाला चिकटणारा वास. तो घालवायला तिरफळ, हे या किनाऱ्यावर प्रत्येक स्वयंपाकघराला ठाऊक आहे. दुखण्यापेक्षा वासाची लाज मोठी होती, आणि त्या लाजेवर तिने घरात होता तो उपाय केला. यंत्र रोज लाव म्हणत होती तेही त्याचसाठी. माझ्यापासून, माझ्या नाकापासून, ती पाय लपवत होती.

"तुझा नाक म्हणजे मांजराचा," ती पुटपुटली. "खंय बांगडो शिजता ता पाणंदीत कळता. म्हटला, हिका कळाक नको."

मला तेव्हा ओरडायचं होतं. मी पाणी उकळलं, निवू दिलं, जखम धुतली आणि स्वच्छ कापड बांधलं. मग टीचरच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. पुढचं बोलायला लागलंच नाही; तिने गाडीची किल्ली घेतली.

टीचरच्या छोट्या गाडीत आई मागच्या सीटवर, पाय माझ्या मांडीवर. प्रत्येक वळणावर टीचर भोंगा वाजवत होती, समोर कुणी नसलं तरी. आईने काच खाली करायला सांगितली.

"कित्याक?"

"वास येता गो. तुझी गाडी खराब होतली."

"अगो म्हातारे," टीचर मान न वळवता म्हणाली, "ह्या गाडयेतसून मी सुक्या बांगड्यांची पोती न्हेलंय. तुझा पाय काय घेवन बसलंस? गप बस."

आई हसली, पण पदर तोंडावरून काढला नाही. माझ्या मांडीवर तिचं पाऊल होतं: टाच भेगाळलेली, घोट्याशी जुना डाग, सगळं ऊबदार, फक्त एक बोट गार. या पावलाने ती परड्यात जाते, तुळशीत जाते, खाडीवर जाऊन मासळीची घासाघीस करते. ते गेलं तर ती कुठे जाईल, हा एकच विचार त्या रस्त्याच्या वळणांवर माझ्या डोक्यात आपटत होता.

तालुक्याच्या गावातल्या रुग्णालयात सर्जनांनी पट्टी सोडली आणि नाक आक्रसलं. "हे काय लावलंय?"

मी सांगितलं. तेलाचं नाव, घटक, ताटलीतलं वर्तुळ, सगळं, परीक्षेला बसल्यासारखी भराभर. ते शांतपणे जखमेचा नमुना घेत राहिले. मग म्हणाले, "तुमच्या ताटलीत कातडी नसते, मॅडम. इथे आहे. होती."

ते मला ठाऊक होतं. तेल जंतूची बाहेरची स्निग्ध पडदी ढिली करतं आणि आतलं सगळं पाझरून जातं; आपल्या पेशीलाही तशीच स्निग्ध पडदी असते, आणि निर्भेळ तेल दोघांत भेद करत नाही. भाजलं तेव्हा आईला ते कळलं नाही, कारण ते पाऊल तिच्याशी बोलायचं केव्हाच थांबलं होतं. वरची कातडी जळली आणि खाली जंतू वाढत राहिले. नमुन्याचा अहवाल आला तेव्हा त्यात दुसऱ्या ताटलीतली चिवट जात होती.

"बोट ठेवता येणार नाही," सर्जन म्हणाले. "संसर्ग वर सरकलाय का, ते उघडल्यावर कळेल. पाऊल वाचवायचा प्रयत्न करू."

शस्त्रक्रियेच्या दाराबाहेरचा बाक मला आठवत नाही, कारण मी त्यावर बसले नाही. व्हरांड्याच्या एका टोकाला जास्वंद होती आणि दुसऱ्या टोकाला औषधांचं दुकान. त्या दोघांच्या मधे मी चालत होते. टीचर जपमाळ ओढत होती आणि मधेच डोळे उघडून म्हणत होती, "बस गो, लादी झिजतली." मी ओंजळ नाकाशी नेली. बोटांना अजून तिरफळाचा वास होता. साबणाने गेला नव्हता, पुन्हा धुतला तरी गेला नाही. तीन गणांचे रेणू, रेंगाळणारे. ज्या वासाने मला लहानपणी कविता म्हणायला लावली तो वास त्या व्हरांड्यात माझ्या अंगावरून उतरत नव्हता आणि मला तो नको होता.

दार उघडलं. बोट गेलं. पाऊल राहिलं, पण जखम बंद होईपर्यंत खात्री देता येत नाही, असं सर्जन म्हणाले. रोज मलमपट्टी, साखर ताब्यात, आणि वासावर लक्ष. "वास बदलला तर लगेच या," त्यांनी मला सांगितलं. आई गुंगीत होती. तिने ते ऐकलं असेल असं मला वाटलं नव्हतं.

घरी आल्यावर तिने पहिलं फर्मान काढलं. "ता भांडा आधी भायर काड."

यंत्र मी महाविद्यालयात परत नेलं. छप्पर दुरुस्त झालं होतं. झाडावरची फळं वाळली, फुटली, काळ्या बिया खाली सांडल्या. कुणी टरफलं गोळा केली नाहीत. बांगडे आले तेव्हा मी तिकल्याला गेल्या वर्षीच्या वाळल्या टरफलांचा डबा उघडला, तर तिने खाटेवरून हाक मारली, "तिरफळ घालू नको."

"हिंवस लागेल."

"लागांदे. माझी जखम भरापर्यंत घरात तिरफळ नको. तुझा नाक माका होया."

आम्ही हिंवस लागलेला तिकला खाल्ला. तिने एक घास घेतला, तोंड वाकडं केलं आणि पूर्ण ताट संपवलं.

टरफलांचा डबा टीचरच्या घरी गेला. भिंतींतला वास उतरायला वेळ लागला. आधी उशा सुटल्या, मग दारं, शेवटी पडवीचा कोपरा. आता घराला घराचा वास आहे: ओल्या चिऱ्याचा, खोबरेलाचा, चुलीच्या राखेचा. प्रयोगशाळेत माझं काम चालू आहे. परड्यातल्या झाडाचं तेल अजून ताटलीत स्वच्छ वर्तुळ काढतं, आणि दुसऱ्या ताटलीचे फोटोही आता मी काढते. घरी येण्यापूर्वी मी हात कोपरापर्यंत धुते, साडी बदलते, आणि फाटकापाशी थोडी थांबून मोकळा श्वास घेते.

संध्याकाळी आई खाटेवर बसून वाट बघत असते. मी खाली बसले की पाऊल स्वतःच उचलून माझ्या मांडीवर ठेवते, जे पाऊल ती लुगड्यात ओढून घेत होती तेच. मी पट्टी सोडते. जखमेच्या कडा आत सरकताहेत, गुलाबी, ओलसर. मधे अजून बोटाच्या पेराएवढी जागा उघडी आहे. मी वाकते. स्पिरिट. कापूस. तिच्या कातडीचा, तिच्या म्हातारपणाचा वास. त्याखाली काही आहे का ते शोधत मी डोळे मिटते.

"वास येता काय गो?"

"नाय."

"खरा सांग."

"नाय गो आये."

"परत बघ," ती म्हणते, आणि मी परत वाकते.